तळपायातलं आतडं

महामायाबाई सोनकांबळे कुणाच्या पायाशी बसत नाहीत. हे आधीच सांगितलेलं बरं. कारण त्यांचं कामच पाय दाबायचं आहे, आणि लोकांच्या डोक्यात या दोन गोष्टी एकदम मावत नाहीत.

नांदेडला देगलूर नाक्याच्या आतल्या गल्लीत त्यांचं दोन खोल्यांचं घर. बाहेरच्या खोलीत दवाखान्यात असतं तसं तपासणीचं उंच टेबल. पाय दाबून घेणारा त्या टेबलावर आडवा होतो, बाई खुर्चीत ताठ बसतात आणि पाय बरोबर त्यांच्या छातीच्या उंचीवर येतात. खाली चटई नाही, पाट नाही. त्यांचे वडील ग्यानोबा छप्पन साली दीक्षा घेऊन नागपूरहून परतले आणि त्यांनी घरात दोन नियम घातले. कुणाच्या पायाशी बसायचं नाही, आणि तपासल्याशिवाय कशालाही मान डोलवायची नाही. पहिला नियम बाईंनी टेबल घेऊन पाळला. दुसऱ्यानं त्यांना चांगलंच घोळात टाकलं.

मुदखेडच्या बाजूला एकतीस वर्षं त्यांनी नर्सची नोकरी केली. सबंध तालुक्याच्या ढुंगणावर सुया टोचल्या. निवृत्त झाल्यावर दुसऱ्याच महिन्यात त्या कंटाळल्या, कारण घरात टोचायला कुणी नव्हतं. तेवढ्यात रिफ्लेक्सॉलॉजीचं दहा दिवसांचं शिबिर लागलं. शिकवणाऱ्या बाईंनी प्रत्येकीला एक रंगीत तक्ता दिला. दोन तळपाय, आणि त्यांवर सगळं शरीर मांडलेलं. अंगठ्यात डोकं, बोटांखाली फुप्फुसं, मधल्या खोलगट भागात शेवग्याच्या शेंगेसारखं वळलेलं आतडं, टाचेत कंबर. महामायाबाईंना तो तक्ता एकदम पटला. वरचं वर, खालचं खाली, नर्सिंगच्या पुस्तकातला क्रमही तोच. क्रम बरोबर असला की शिकलेल्या माणसाला पुढचं तपासायची आठवण राहत नाही. अडाणी माणसाला बिचाऱ्याला निदान शंका तरी येते.

त्यांच्या हाताला गुण होता, यात वाद नाही. नऊ वर्षं माणसं येत होती. कुणाचं डोकं हलकं होई, कुणाचं पोट मोकळं होई. पण कुणी "सिस्टर, एखादा गंडा पण बांधा की" म्हणालं, की बाई त्याला चपला हातात देत. माहूरच्या वाटेवर बसणाऱ्या एका बुवानं आपला अंगारा त्यांच्याकडं ठेवायला पाठवला होता, निम्मा-निम्मा वाटा म्हणून. बाईंनी तो गुलाबाच्या कुंडीत ओतला, गुलाब वाळला, आणि पुढं सहा महिने त्या येईल त्याला ती कुंडी दाखवत राहिल्या.

"मी बुवाबाजी करत न्हाई. मी शास्त्र करते," असं त्या म्हणत.

"कोणतं शास्त्र गं?" हे विचारणारी एकच बाई गल्लीत होती. शेजारची रईसा. ब्लाऊज शिवण्यात तिचा हात धरणारी आख्ख्या नाक्यावर कुणी नाही, आणि टोचून बोलण्यातही नाही. दर शुक्रवारी ती टेबलावर आडवी व्हायची आणि अर्धा तास पाय दाबून घेत बाईंना छळायची.

"सिस्टर, हितं काय हाय?"

"यकृत."

"माझं यकृत पायात हाय? मग पोटात काय हाय?"

"पोटात पण यकृतच हाय. पायात त्याची तार येते."

"तार! या खुदा. बिल कोण भरतं तिचं?"

"गप पड. श्वास घे."

एका शुक्रवारी अशीच तार खेचणं चालू असताना दारात एक तिशीतली मुलगी येऊन उभी राहिली. खांद्याला पिशवी, हातात वही. समीक्षा तिचं नाव. लातूरच्या एका फिजिओथेरपी कॉलेजात शिकवत होती आणि पीएचडी करत होती. विषय, तळपायावरचे बिंदू दाबल्यानं जुनी बद्धकोष्ठता कमी होते का. तिला सरावाचा हात हवा होता, आणि तीन-चार जणांनी एकच पत्ता दिला होता.

महामायाबाईंची मान पाव इंच वर गेली. "म्हणजे आतड्याच्या बिंदूचा गुण येतो हे तुला सिद्ध करायचंय."

"नाही मावशी. येतो का ते बघायचंय."

"आँ?"

"आला तर आला लिहीन. नाही आला तर नाही आला लिहीन."

रईसानं टेबलावरूनच मान उचलली. "आणि खोटं निघालं तर, सिस्टर?"

"तर मी स्वतःच्या तोंडानं खोटं म्हणीन," बाई म्हणाल्या. "मी काय बुवा हाय?"

"अगुदर बुवा बी असंच म्हनतात," रईसा म्हणाली आणि दुसरा पाय पुढं केला.

बाई हसल्या, पण ते बोलणं त्यांना लागलं. तक्ता खोटा निघाला तर नऊ वर्षं आपण काय केलं? गंडा नाही बांधला, अंगारा नाही दिला, पण न तपासलेली गोष्ट लोकांना शास्त्र म्हणून विकली. म्हणजे माहूरच्या वाटेवरच्या बुवात आणि आपल्यात फरक एवढाच, की आपल्याकडं टेबल आहे. पुढच्या सोमवारी त्या लातूरच्या एसटीत बसल्या त्या हा फरक पक्का करून घ्यायला.

आता तो अभ्यास कसा होता ते नीट ऐका, सोपं आहे. चोवीस माणसं, सगळी वर्षानुवर्षं पोट साफ न होणारी. चिठ्ठ्या टाकून बारा-बाराचे दोन गट. पहिल्या गटाला आतड्याचे खरे बिंदू दाबायचे. दुसऱ्या गटाला तेवढाच वेळ, तेवढ्याच जोरानं, पण कानाचे आणि खांद्याचे बिंदू दाबायचे, ज्यांचा तक्त्याप्रमाणं पोटाशी काही संबंध नाही. कोण कुठल्या गटात हे माणसांना सांगायचं नाही. आठवड्यातून दोनदा, सहा आठवडे. कोपऱ्यात कॅमेरा. आणि रोज सकाळी जे काही होईल किंवा होणार नाही, ते प्रत्येकानं घरी वहीत लिहायचं.

वहीसाठी चित्रांचं एक कार्ड होतं. जगभर मलाचे सात प्रकार मानतात, त्यांची सात चित्रं. परदेशी वर्णनं कुणाला कळेनात, तेव्हा समीक्षानं माणसांनाच नावं विचारली आणि एकमतानं ठरली ती अशी: लेंड्या, कणीस, भेगाळ काकडी, केळं, भजी, पिठलं आणि पाणी. पहिले दोन म्हणजे बद्धकोष्ठ, केळं म्हणजे आनंदीआनंद. यादी शास्त्राच्या दृष्टीनं अचूक होती, पण अभ्यासातल्या एका बाईनं पुढं दोन महिने पिठल्याला हात लावला नाही.

सगळ्यात मन लावून वही लिहिली ती सिद्रामप्पांनी. उदगीरकडचे निवृत्त मास्तर, वय एकाहत्तर, लातुरात लेकाकडं राहायचे. पहिल्या दिवशी ते टेबलावर आडवेच होईनात.

"अक्का, बाईमाणसाच्या हातात पाय कसा देऊ? पाप लागंल."

"मास्तर, मी एकतीस वर्षं लोकांना कुठं कुठं हात लावलाय ते सांगू का?"

मास्तर निमूट आडवे झाले. त्यांच्या चिठ्ठीत दुसरा गट आला होता. म्हणजे कान आणि खांदा.

पहिल्या आठवड्याची त्यांची वही अशी: "सोमवार. इच्छा झाली, कृती नाही. मंगळवार. इच्छाही नाही. बुधवार. दीड तास बसलो. दोन लेंड्या, त्याही नाराज. गुरुवार. सून दार वाजवून गेली."

बाईंनी ती वही वाचली. वाचायची नव्हती, पण वही उघडी असली की वाचली जाते. आणि तिथून त्यांचा अंगठा कानाच्या बिंदूवर टिकेना. समोर पडलेला हा म्हातारा माणूस, त्याचं आतडं इथं, अंगठ्यापासून चार बोटांवर, आणि आपण त्याचा कान दाबत बसलोय.

"समीक्षा, ही दुसरी पंगत मला बघवत न्हाई," त्या म्हणाल्या.

"कुठली पंगत?"

"या बारा जणांना तू पातळ पाणी वाढून राहिलीस आणि त्या बारा जणांना वरण."

"मावशी, पण ते वरण आहे की पाणी, हेच तर माहीत नाही आपल्याला."

बरोबर होतं तिचं. बाईंच्या डोक्याला ते कळलंही. पण बाई सातवीत असताना किनवटकडच्या एका वसतिगृहात राहिल्या होत्या. तिथं चार मुलींना शेवटी, वेगळ्या ओळीत, वेगळ्या पातेल्यातलं वाढायचे. त्या चौघींत महामायाबाई होत्या. तिसऱ्या दिवशी ग्यानोबा आले, त्यांनी लेकीचं ताट उचलून मधल्या ओळीत नेऊन ठेवलं आणि वाढणाऱ्या बाईकडं नुसतं बघितलं. तेव्हापासून पंक्तीत दोन तऱ्हा दिसल्या की महामायाबाईंचे हात कुणाचं ऐकत नाहीत. अशी पंगत कधी न बघितलेली नर्स असती तर हा अभ्यास सरळ पार पडला असता.

बाईंनी केलं ते असं. दाबणं झालं की पायाचं तेल टॉवेलनं पुसायचं असतं. कॅमेऱ्याला टॉवेलाच्या वरचं दिसतं, खालचं दिसत नाही. बाईंनी मास्तरांचा पाय टॉवेलात गुंडाळला आणि पुसता पुसता अंगठ्यानं आतडं दाबलं. चढतं, आडवं, उतरतं, पूर्ण एक फेरी. मग त्यांना वाटलं, एकट्या मास्तरांनाच का? तोही दुजाभावच की. म्हणून त्यांनी दुसऱ्या गटातल्या बाराही जणांचे पाय असे पुसले, सहा आठवडे. कुणी विचारलं तर त्या सांगत, "तेल राहिलं तर घसरता, मास्तर. या वयात खुबा मोडला की संपलं."

सहा आठवडे संपले. सगळ्यांना कॉलेजात बोलावून चहा दिला आणि कोण कुठल्या गटात होतं ते सांगितलं. मास्तर खुर्चीतून उठलेच.

"मी खोट्या गटात? खोट्या?"

"हो आप्पा."

"पण मला तर केळं झालं की! सलग नऊ दिवस!" चहाचा कप धरून सिद्रामप्पा सगळ्या सभेला म्हणाले. टाळ्या पडल्या. महामायाबाईंनी मात्र मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी समीक्षानं आकडे दाखवले. दोन्ही गट सुधारले होते, आणि जवळपास सारखेच सुधारले होते. "फरक नाही, मावशी. म्हणजे कुठं दाबलं याला अर्थ नाही. तक्त्याला आधार सापडला नाही, असं लिहावं लागेल."

बाईंच्या पायाखालची जमीन सरकली. तक्ता खोटा ठरला होता, आणि तो खोटा का ठरला ते जगात एकट्या त्यांनाच माहीत होतं. खोट्या गटाला त्यांनी टॉवेलाखालून खरंच वाढलं होतं. मग फरक दिसणार कसा? आपली अब्रू वाचवायची तर आपण लबाडी केली असं कबूल करायला हवं. लबाडी लपवायची तर नऊ वर्षांचं काम खोटं म्हणवून घ्यायला हवं. काही केलं तरी बुवाच. त्या तशाच नांदेडच्या गाडीत बसल्या आणि अहमदपूर आलं तरी त्यांनी पिशवीतला पेरू खाल्ला नव्हता.

शुक्रवारी रईसा आडवी झाली. बाईंनी तिचा डावा पाय दोनदा दाबला आणि उजवा विसरल्या.

"काय झालं गं सिस्टर? रडून राहिली का?"

बाईंनी सगळं सांगितलं. टॉवेलासकट. रईसा आधी हसली, इतकी की टेबल करकरलं. मग उठून बसली.

"म्हंजे लोकांच्या नजरेआड, फडक्याखाली हात घालून तू काहीतरी केलं, आन लोकांना गुण आला."

"हाव."

"तो माहूरवाला बुवा आनखी काय करतो?"

बाईंनी तिला त्याच मिनिटाला टेबलावरून उतरवलं. पाय पुसायलाही टॉवेल दिला नाही. आणि शनिवारी, कुणाची वाट न बघता, लातूरची पहिली गाडी पकडली.

समीक्षानं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "टॉवेल?"

"टॉवेल."

तिनं लॅपटॉप उघडला आणि व्हिडिओ पळवून बघितले. पहिल्या गटाचे पाय वीस सेकंदांत पुसलेले. दुसऱ्या गटाचे चार-चार मिनिटं.

"मला वाटायचं, मावशी किती स्वच्छ आहेत," ती हळू आवाजात म्हणाली. मग मात्र तिचा आवाज चढला. "दीड वर्ष गेलं माझं यात! परवानग्या, माणसं गोळा करणं, रोज सकाळी चोवीस जणांना फोन करून 'आज काय झालं' विचारणं! माझ्या घरात माझ्यासमोर कुणी केळं खात नाही, मावशी!"

"चुकलं माझं."

"का केलंत पण?"

बाईंनी वसतिगृहाची गोष्ट सांगितली. लांबण न लावता, चार वाक्यांत. समीक्षानं लॅपटॉप मिटला. रागावलेलीच होती, पण आवाज उतरला होता. म्हणाली, "हे मला आधी सुचायला हवं होतं. खोट्या गटाला अभ्यास संपल्यावर खरे बिंदूही दाबून देऊ, सहाच्या सहा आठवडे, असं आधीच ठरवता आलं असतं. मग उपाशी कुणी राहत नाही. पंगत फक्त उशिरा बसते."

"असं चालतं?"

"चालतं. कितीतरी ठिकाणी करतात."

"मग पहिल्यांदाच का न्हाई सांगितलं, येडे!"

शेवटी समीक्षानंच आपल्या सरांना कळवलं, कमिटीपुढं उभी राहिली, बोलणी खाल्ली आणि नव्या चोवीस माणसांची परवानगी काढली. दुसऱ्या कुणाचा हात घे, असं सर म्हणाले. समीक्षा म्हणाली, नाही, जी बाई स्वतः येऊन सांगते ती पुन्हा करणार नाही. हे शास्त्र नव्हे, हा जुगार होता, पण जमला. या वेळी दुसऱ्या गटाची उशिराची पंगत जुलैत ठेवली, तेल ज्याचं त्यानं पुसायचं असं ठरलं, आणि टॉवेल खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवला. महामायाबाईंनी सहा आठवडे बारा माणसांचे कान आणि खांदे इमानानं दाबले. दात आवळून दाबले, पण दाबले. एक बाई तर दर खेपेला म्हणायची, "सिस्टर, जरा मधी दाबा ना, बरं वाटतं." बाई तिला उत्तर द्यायच्या, "जुलैत."

निकाल आला. दोन्ही गट सुधारले. पुन्हा सारखेच.

या वेळी टॉवेल नव्हता.

समीक्षानं कागद पुढं सरकवला. बाईंनी चष्मा लावून आकडे दोनदा वाचले, वजाबाकी स्वतः करून बघितली. मग विचारलं, "मग बरं कशानं वाटलं यांना?"

"नक्की माहीत नाही. माणूस आपल्याकडं येतो तो दुखणं सगळ्यात वाईट असतं तेव्हा. तिथून पुढं बऱ्याचदा आपोआपच थोडं उतरतं. वही लिहायची म्हणून लोक वेळेवर बसतात, पाणी पितात. अर्धा तास कुणीतरी पाय हातात घेतं, विचारपूस करतं. यातलं काय किती, ते हा अभ्यास सांगत नाही. एवढंच सांगतो, की तक्त्यातली जागा धरली काय, सोडली काय, या चोवीस जणांत फरक दिसला नाही."

"चोवीसच."

"चोवीसच. मोठा अभ्यास झाला तर बारीक फरक दिसेलही. पण आज माझ्याकडं नाही."

"म्हणजे नऊ वर्षं..."

"नऊ वर्षं तुम्ही पाय चांगले दाबलेत, मावशी. कारण तेवढं चुकीचं सांगितलंत."

हे असं तोंडावर सांगणारी माणसं कमी असतात. बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. त्यांना रडू आलं नाही. आधी राग आला, तक्ता देणाऱ्या बाईचा. मग स्वतःचा. आणि मग, का कोण जाणे, कडकडून भूक लागली. त्यांनी समीक्षाला कॅन्टीनमध्ये नेलं आणि दोघींसाठी पिठलं-भाकरी मागवली. समीक्षानं भाकरी नुसत्या ठेच्याबरोबर खाल्ली.

नांदेडला आल्यावर बाईंनी बोलल्याप्रमाणं केलं. येईल त्याला स्वतःच्या तोंडानं सांगायला लागल्या, "हे बघा, यकृत पोटातच असतं. पायात तार-बिर काही न्हाई. पाय दाबून बरं वाटत असंल तर दाबते, न्हाईतर घरी जा. आणि पोट दुखून राहिलं तर आधी डॉक्टर."

बाईंना वाटलं होतं तसं ते लोकांना आवडलं नाही. दोघं-तिघं रुसून गेले. सगळ्यात जास्त चिडली ती रईसा.

"नऊ बरस माझं यकृत दाबलं, आन आता म्हनती न्हाई?"

"तू तर कधीच मानत नव्हतीस!"

"मी न मानणं वेगळं. तू मानत होतीस म्हणून तर मला मजा यायची."

एवढ्यावर हे थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण एका रविवारी सकाळी गल्लीच्या तोंडाशी उदगीरची जीप थांबली. आधी सिद्रामप्पा उतरले, आणि त्यांच्यामागून आठ माणसं. सगळ्यांच्या चेहऱ्यावर तो एकच भाव, जो सकाळी दीड तास बसून उठलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर असतो.

"अक्का," सिद्रामप्पा हात जोडून म्हणाले, "आमच्या गावाला खोटे बिंदू पाहिजेत."

"काय?"

"खोटे. खऱ्यांनी काही होत नाही, सगळी दुनिया ते दाबती. लातूरला मला खोटे दाबले आणि केळं झालं. सरकारी कागदावर आहे. मी गावात सगळ्यांना सांगितलं, खरी ताकद खोट्यात आहे. येनु माडोदु, काय करणार, माणसं ऐकेनात, जीपच केली."

रईसानं आपल्या दारातली शिलाई बंद केली आणि स्टूल घेऊन बाहेर येऊन बसली. असा कार्यक्रम रोज कुठं होतो?

बाईंनी समजावलं. खरे काय आणि खोटे काय, दोन्ही सारखेच निघाले. "मग खोटेच दाबा की, तुमचं काय जातं?" आठांतले एक जण म्हणाले. बाईंनी परत समजावलं. मग त्यांना कळलं, की ही गाठ सुटायची तर एकच गोष्ट उरली, आणि ती चारचौघांत, अंगणात उभं राहून, मास्तरांच्या तोंडावर सांगावी लागणार. त्यांनी सांगितली.

"मास्तर, तुम्हाला खोटे दाबले न्हाईत. म्हणजे दाबले, पण नंतर टॉवेलाखालून खरे पण दाबले. मी चोरून दाबले. चूक केली, माफी मागते. तुमचं केळं खऱ्याचं बी न्हाई, खोट्याचं बी न्हाई."

सिद्रामप्पांनी डोळे मिटले, सगळं डोक्यात मागं नेऊन बघितलं, आणि त्यांचा चेहरा हळूहळू उजळत गेला.

"टॉवेल!" ते म्हणाले. "अक्का, तो टॉवेल आहे का अजून?"

आठही माना एकदम बाईंकडं वळल्या. रईसानं पदर तोंडात कोंबला.

दहा वर्षांपूर्वीच्या महामायाबाई असत्या तर त्यांनी या सगळ्यांच्या चपला त्यांच्या हातात दिल्या असत्या. आजही त्यांचा हात तसा थोडा पुढं आलाच. पण त्या थांबल्या. या आठ माणसांना नुसतं "खुळे आहात" म्हणून हाकलणं म्हणजे न तपासता मान हलवणंच, डोलवायच्या ऐवजी आडवी, एवढंच.

"किती जण हाय तुम्ही? मास्तर धरून नऊ? मास्तर, तुम्ही नको, तुम्ही आधीच बाटलेले. आठ जण. रईसा, चिठ्ठ्या कर आठ. चार टॉवेलाच्या, चार बिनटॉवेलाच्या. ज्यांना टॉवेल न्हाई त्यांना महिन्यानं मिळंल, उपाशी कुणी राहायचं न्हाई. आणि वह्या घ्या एकेक. काय लिहायचं ते सांगते."

"मी का करू चिठ्ठ्या?" रईसा म्हणाली.

"तू काही मानत न्हाईस, म्हणून. तूच लिही, तूच घडी घाल, मला दाखवू नको."

रईसानं ब्लाऊजच्या मापाच्या कागदाचे आठ तुकडे केले, पेन्सिल कानावरून काढली आणि लिहिता लिहिता खालच्या आवाजात विचारलं, "सिस्टर, आन टॉवेल खरा निघाला तर?"

"निघणार न्हा..." एवढं बोलून महामायाबाई थांबल्या. त्यांनी तोंड मिटलं, खुर्ची पुढं ओढली आणि म्हणाल्या, "घडी नीट घाल. आतलं दिसून राहिलंय."